गर्भाशयाची दुर्बीण तपासणी आणि ऊसतोड महिलांचे आरोग्य : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

बीड तालुक्यातील कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीमुळे सर्वपरिचित असलेले तीर्थक्षेत्र आहे. कार्तिक पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. त्या सुमारास बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील अनेक गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे गेलेल्या असतात. या टोळ्यांतील स्त्रियांचा एक प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चिला गेला. जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नसल्याने तुलना काटेकोर ठरणार नाही. तरीही अंतर डोळ्यांत भरणारे आहे.

या विषयावर मजुरी, मुकादम आणि उचल यांच्या अंगाने बरेच लिहिले गेले. प्रस्तुत लेखात मात्र एका वैद्यकीय तपासणीचा परिचय करून देण्याचा हेतू आहे. काढून टाकण्यापूर्वी गर्भाशय आतून पाहता येते, ही गोष्ट आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतही फारशी माहीत नाही.

दुर्बीण तपासणीचे स्वरूप

ग्रामीण भागात ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले की कुटुंबनियोजनाच्या शिबिरातील पोटावर छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया आठवते. ती लॅपरोस्कोपी होय. हिस्टेरोस्कोपीमध्ये कोठेही छेद घ्यावा लागत नाही. काही मिलिमीटर जाडीची, प्रकाश व कॅमेरा जोडलेली नळी योनीमार्गे गर्भाशयमुखातून आत नेली जाते. गर्भाशयाची पोकळी एरवी मिटलेली असते, म्हणून मिठाचे निर्जंतुक द्रावण सोडून ती फुलविली जाते आणि आतील अस्तर पडद्यावर स्पष्ट दिसू लागते. नळी पुरेशी बारीक असल्यास तपासणी भूल न देताही होऊ शकते व रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. पाळी संपल्यानंतरचे काही दिवस यासाठी सोयीचे, कारण तेव्हा अस्तर पातळ असते.

ही कल्पना नवी नाही. १८६९ मध्ये पँटालिओनी या वैद्यकाने रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणाऱ्या एका स्त्रीच्या गर्भाशयात नळीतून पाहिले, तेथे त्यास मांसाचा कोंब दिसला आणि त्याने तो औषधाने जाळला. निदान आणि उपचार एकाच मार्गाने, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य पहिल्याच नोंदीत दिसते. व्यवहारात ती रुळायला पुढे शंभर वर्षे लागली.

सोनोग्राफी अस्तराची जाडी व गाठीचा आकार सांगते. पण जाड दिसणारे अस्तर म्हणजे नेमके काय, तो कोंब आहे, पोकळीत शिरलेली गाठ आहे की केवळ संप्रेरकांच्या असंतुलनाने वाढलेला थर आहे, हे तिच्यावरून दर वेळी ठरत नाही. दुर्बिणीतून ते प्रत्यक्ष दिसते आणि संशयित जागेचाच तुकडा तपासणीस घेता येतो. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग दुर्मीळ नाही. त्याच्या निदानातही या तुकड्याचे महत्त्व आहे. कोंब, पोकळीत डोकावणारी गाठ, गर्भाशयातील पडदा, आतल्या भिंती चिकटणे, आत अडकलेली तांबी, या सर्वांवर याच मार्गाने उपचार होतात व गर्भाशय शाबूत राहते.

मर्यादा

ही पद्धत सर्व विकारांवरील तोड नव्हे. भिंतीच्या आत खोलवर वाढलेल्या मोठ्या गाठी तिच्या आवाक्याबाहेर असतात. कर्करोगात किंवा औषधांना न जुमानणाऱ्या तीव्र रक्तस्रावात गर्भाशय काढणे योग्यच ठरू शकते. गर्भधारणा असताना वा जंतुसंसर्ग चालू असताना दुर्बीण घालू नये. गर्भाशयास छिद्र पडणे, द्रावण शरीरात जास्त शोषले जाणे हे धोके क्वचित पण खरे आहेत. त्यामुळे आत किती द्रावण गेले व किती बाहेर आले याचा हिशेब ठेवावाच लागतो.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेतली पाहिजे. अंगावरून पांढरे जाणे आणि ओटीपोटात दुखणे या ऊसतोड महिलांच्या नेहमीच्या तक्रारी होत. फडावर पाणी नाही, शौचालय नाही, पाळीत कपडा धुण्यास आडोसा नाही. अशा स्थितीत जंतुसंसर्ग होणे स्वाभाविक आहे. त्यावर बहुतेक वेळा गोळ्यांचा पूर्ण क्रम पुरतो. तेथे दुर्बीणही लागत नाही, मग ‘पिशवी’ काढण्याचा प्रश्न कोठे उद्भवतो?

तो उद्भवतो भीतीतून आणि हिशेबातून. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो व खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीचे दिवस म्हणजे खाडा. त्यात ‘कॅन्सर होईल’ एवढे वाक्य कानी पडले की तिशीतील बाई शस्त्रक्रियेस तयार होते. वस्तुतः या वयात गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग विरळा असतो आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे साध्या चाचणीने कळतात. उलट गर्भाशयासोबत बीजकोषही काढले गेले तर रजोनिवृत्ती तत्काळ येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि ज्या कष्टासाठी शस्त्रक्रिया केली ते कष्टच झेपेनासे होतात. बचतीचा हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०१९ नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या स्वीकारण्याचे निर्देश दिले. परवानगी देताना अस्तराची तपासणी झाली होती काय, एवढा एक प्रश्न काटेकोरपणे विचारला गेला तरी बरेच साधेल.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर राष्ट्रीय सेवा योजनेची विशेष शिबिरे आपण बहुधा हिवाळ्यात घेतो. आरोग्य तपासणीचा कार्यक्रम त्यात असतो. पण त्या वेळी आपल्या विद्यार्थिनींच्या माता गावात नसतात, फडावर असतात. त्या परततात उन्हाळ्यात आणि पुन्हा निघतात दसरा-दिवाळीच्या आसपास. तपासणी, तुकड्याचा अहवाल आणि औषधांचा क्रम यांना काही आठवडे लागतात. म्हणून आरोग्य तपासणीचा दिवस श्रावण-भाद्रपदात घ्यावा व संशयित रुग्णांना अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात त्याच महिन्यात पाठवावे.