आधी वजन, मग इंजिन

२०२१ च्या डिसेंबरात देवराष्ट्रे गावाचं नाव देशभर गेलं ते एका घरगुती जीपमुळं. सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातलं, यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार लोखंडकाम करणारे. मुलाच्या हौसेपायी त्यांनी भंगारातले सुटे भाग जमवून चारचाकी उभी केली. खर्च आला साधारण ६० हजार रुपये. इंजिन दुचाकीचं, त्यामुळं गाडी सुरू करायची ती किक मारून. गाडीचा व्हिडिओ पाहून आनंद महिंद्रांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाच्या दारात बोलेरो आली आणि किकवरची जीप महिंद्रांच्या संग्रहासाठी गेली.

लोकांनी कौतुक केलं ते कल्पकतेचं, आणि ते रास्तच होतं. गॅरेजमधल्या माणसाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. १०० सीसीच्या आसपासचं दुचाकीचं इंजिन आठेक हॉर्सपॉवर देतं. एवढ्याशा ताकदीवर माणसं बसलेली जीप रस्त्यावर पळते कशी? कारण ती हलकी आहे. ट्रॅकवर पळवायची गाडी घरी बांधू पाहणाऱ्याला पहिला धडा इथंच मिळतो.

असं काही बांधणं या मुलखाला नवं नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना काढला ती किर्लोस्करवाडी याच टापूत. विट्यात यंत्रमाग आहेत, म्हणजे लेथ, वेल्डिंग आणि घासलेला भाग दुसरीकडून जुळवून आणणारे फिटर आले. कोल्हापूरला फाउंड्र्या आहेत आणि मोहिते यांचा रेसिंग ट्रॅकही आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झाल्या आहेत. हात आहेत, हत्यारं आहेत, हौसही आहे. घोडं अडतं ते इंजिन निवडताना, कारण तिथं बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर असते. तो आकडा हॉर्सपॉवरचा.

भागाकार करून बघा

समजा, पाइपची चौकट वेल्ड करून मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन बसवलं. कार्बोरेटरवालं जुनं इंजिन ३७ हॉर्सपॉवर देतं. गाडी ४०० किलो, चालवणारा ७० किलो. म्हणजे टनामागं ७९ हॉर्सपॉवर. आता इंजिनाला हात न लावता गाडीतून ७० किलो काढले, तर हाच हिशेब टनामागं साडेब्याण्णवांवर जातो. वजन तेवढंच ठेवून हा आकडा गाठायचा, तर इंजिनातून साडेसहा हॉर्सपॉवर जादा काढावी लागते. त्यासाठी हेडचं काम, कॅमशाफ्ट, कार्बोरेटर, सायलेन्सर, सगळ्याला हात घालावा लागतो. एवढं करून ब्रेक होते तेच आणि वळणावर टायरवर येणारा भारही तोच. उतरवलेले ७० किलो मात्र वेग घेताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळा कामाला येतात.

विट्याच्या माणसाला हे पटवायला वेळ लागू नये. इथले गलाईवाले देशभर पसरले ते सोन्यातलं हीण काढण्याच्या कसबावर. गाडीच्या बाबतीतही आधी हीण काढायचं आणि मग उरलेल्याची किंमत करायची. दार, काच, डॅशबोर्ड, मागची सीट, जाड पत्रा यांचं ट्रॅकवर काही काम नाही. पण वजनाच्या नावाखाली रोल केज, हार्नेस आणि आग विझवायचा सिलिंडर काढायचा नसतो.

इंग्लंडच्या केटरहॅम कंपनीचा धंदाच या हिशेबावर चालतो. कॉलिन चॅपमनच्या लोटस सेव्हनचे हक्क तिनं १९७३ मध्ये घेतले आणि आजही ती तशीच उघडी, हलकी गाडी विकते. २०२१ मध्ये आलेल्या सेव्हन १७० मध्ये इंजिन आहे सुझुकीचं: ६६० सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, ८४ हॉर्सपॉवर. गाडीचं वजन ४४० किलो. जपानमधल्या छोट्या गाड्यांच्या जातीचं हे इंजिन टनामागं, चालकासकट, १६० च्या वर ताकद देतं.

दुचाकीचं इंजिन

आपल्याकडं पहिली पसंती जाते जुन्या केटीएम ड्यूक ३९० च्या इंजिनाला. ३७३ सीसी, ४३ हॉर्सपॉवर, वजन सुमारे ३६ किलो आणि गिअरबॉक्स त्यातच. भारतातल्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत अनेक महाविद्यालयांच्या गाड्यांत हेच दिसतं. तिथं इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण पेट्रोल इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते. त्यामुळं मोठं इंजिन लावून फार पदरात पडत नाही. २८० किलोची गाडी आणि ७० किलोचा चालक धरला, तर ड्यूकचं इंजिन टनामागं १२० च्या वर जातं.

पण हे इंजिन जन्मलं दुचाकीसाठी, आणि ती खोड तीन ठिकाणी नडते.

पहिलं तेल. दुचाकी वळणावर झुकते, त्यामुळं तेल चेंबरच्या तळाशीच राहतं. चारचाकी झुकत नाही. लांब वळणावर तेल एका बाजूला चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तेलाऐवजी हवा ओढली जाते. क्रँकचं बेअरिंग तेलावाचून फिरतं आणि इंजिन वाजायला लागतं. यावर उपाय म्हणजे चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवून तेलाला थोपवणं. पत्र्याचे चार तुकडे आणि अर्ध्या दिवसाचं वेल्डिंग. कुठल्याही महागड्या सायलेन्सरपेक्षा हे काम मोलाचं.

दुसरं गरम होणं. रस्त्यावर दुचाकीच्या इंजिनावर समोरून वारा येतो. तेच इंजिन सीटच्या मागं कोंडलं की वारा तुटतो. एअर-कूल्ड असेल तर हेड तापतं, ताकद पडते, पुढं पिस्टन धरतो. ड्यूकला रेडिएटर आहे, पण तो हवेच्या वाटेत बसवायला लागतो आणि पंखा हवाच.

तिसरं, मागच्या चाकांना जोर पोचवणं. दुचाकीचा स्प्रॉकेट एका चाकाला फिरवतो. इथं दोन चाकं आली. एकसंध अ‍ॅक्सल टाकला तर वळणावर आतलं चाक घसटतं. कार्टमध्ये चौकट वाकून ते चाक किंचित उचललं जातं, म्हणून तिथं चालून जातं. गाडी त्याहून जड असेल तर डिफरन्शिअल लागतं. शिवाय या गिअरबॉक्सला रिव्हर्स नाही. क्लचही दुचाकी आणि दोन माणसं एवढ्याच ओझ्याच्या हिशेबाचा. साडेतीनशे किलोपर्यंत तो निभावतो, पुढं प्लेटी जळतात.

रॉयल एनफिल्डचं ६४८ सीसीचं जुळं इंजिन ४७ हॉर्सपॉवर देतं. ड्यूकहून आकड्यात चारच जास्त, पण ५२ न्यूटन-मीटरचा ओढा खालच्या फेऱ्यांत लवकर मिळतो. वळणातून बाहेर पडताना सारखा गिअर पाडावा लागत नाही. मात्र ते जड आहे, आणि मिळवलेला ओढा वजनातच खर्ची पडणार नाही ना, हे आधी बघावं.

गाडीचं इंजिन

दुसरी वाट मारुतीची. एस्टीमचं १३०० सीसीचं एमपीएफआय इंजिन ८५ हॉर्सपॉवरचं. गाडी ४८० किलोत बसवली, तर चालकासकट टनामागं १५४. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकत्र येतं, रिव्हर्स असतो. अख्खा गठ्ठा उचलून सीटच्या मागं बसवला की मागची चाकं फिरतात. तेल आणि पाण्याची व्यवस्था चारचाकीच्या हिशेबानंच झालेली असते. देशातल्या फॉर्म्युला एलजीबी शर्यतींत अनेक वर्षं मारुतीच्या १३०० सीसी इंजिनावर एकासारख्या एक गाड्या पळाल्या, म्हणजे हे इंजिन झोडपणं सोसतं हे सिद्ध आहे. तोटा एकच: जड गठ्ठा आला की चौकट, ब्रेक आणि सस्पेन्शन सगळं जाड करावं लागतं, आणि ४८० चे ५८० किलो कधी झाले ते कळत नाही.

विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या बाहा स्पर्धेचं उदाहरण इथं बोलकं आहे. अनेक वर्षं सगळ्या संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एकच १० हॉर्सपॉवरचं इंजिन सक्तीचं होतं. तरीही पहिल्या आणि शेवटच्या गाडीत जमीन-अस्मानाचं अंतर पडायचं. फरक पडायचा तो वजनात, गिअरच्या प्रमाणात आणि चालवणाऱ्याच्या हातात.

खर्चाचा क्रम

म्हणून जुन्या इंजिनावर आधी खर्च करायचा तो जिवंतपणावर: कॉम्प्रेशन मोजणं, गरज असेल तर रिबोअर आणि ओव्हरसाइज पिस्टन, हेडची फेस कटिंग, नवे गॅस्केट, स्वच्छ रेडिएटर. त्यानंतर गिअरचं प्रमाण. चेनच्या गाडीत मागचा स्प्रॉकेट दोन-तीन दात मोठा केला की गाडी लहान ट्रॅकवर वेगळीच उठते, आणि काही शेकड्यांपासून हजार-दोन हजारांत काम भागतं. टर्बो, मोठा कॅम, मोठा कार्बोरेटर हे सगळ्यात शेवटी. इंजिन निवडतानाही एक साधी कसोटी लावावी: सामान कराड, सांगली, कोल्हापुरात त्याच दिवशी मिळतं का? परदेशी इंजिनाच्या एका गॅस्केटपायी गाडी महिनाभर ताडपत्रीखाली राहिली, तर तिची हॉर्सपॉवर शून्यच.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ घडणीत फेरफार करू देत नाही, आणि घरी बांधलेल्या गाडीला चाचणी-मान्यतेशिवाय नोंदणी नाही. देवराष्ट्र्याच्या जीपला शाबासकी देतानाच ती नियमांत बसत नाही हे महिंद्रांनीही म्हटलं होतं. अशी गाडी ट्रेलरवर घालून ट्रॅकवर न्यायची, हायवेवर नाही.

तेव्हा इंजिन बघायला भंगार बाजारात जाण्याआधी गाडी वजनकाट्यावर चढवा, पेट्रोल भरून आणि स्वतः आत बसून; इंजिन बसलेलं नसेल तर त्याचं वजन त्यात मिळवा. साडेतीनशेच्या आत असाल तर दुचाकीचं इंजिन घ्या आणि चेंबरमध्ये पट्ट्या टाका. त्याच्या वर असाल तर मारुतीचं घ्या. आणि साडेपाचशेच्या वर गेला असाल, तर इंजिनाचे पैसे खिशातच ठेवा आणि ग्राइंडर हातात घ्या.