यंत्रांग निरीक्षण संच, लिनक्सवरील

संगणकाच्या यंत्रांगांचे (हार्डवेअरचे) तापमान, विद्युत् दाब, पंख्यांची गती इ. राशींची नोंद ठेवून धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या आज्ञावलींचा, विशिष्ट संगणकासाठी बांधलेला संच. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्स गाभ्याची (कर्नलची) मूळ आज्ञावली सर्वांस खुली असल्याने असा संच कोणासही बांधता येतो. [→ संगणक].

कार्य : मदरबोर्डवरील चिप संवेदकांचे संकेत अंकीय रूपात आणते. गाभ्यातील चालक आज्ञावली (ड्रायव्हर) ते दोन तारांच्या मार्गाने अथवा अन्य रीतीने वाचून फाइलींच्या रूपात मांडते. तेथे तापमान सहस्रांश अंशांत असते, उदा., ४५००० म्हणजे ४५° से. बारा व्होल्टांसारखा दाब चिपला थेट पेलत नसल्याने रोधकांनी तो कमी करून तिला देतात. मूळ मूल्य काढण्याचा गुणक मदरबोर्डागणिक बदलतो व तो चुकल्यास सुस्थितीतील संगणकही सदोष भासतो. अज्ञात चिपांचा सरसकट शोध घेणेही धोक्याचे असते. आयबीएमच्या थिंकपॅड श्रेणीतील काही जुन्या संगणकांत अशा शोधामुळे स्थायी स्मृतीतील मजकूर बिघडून ते निकामी झाले होते. यासाठी संचात त्या संगणकातील ज्ञात चिपांचाच उल्लेख करतात.

बांधणी : चालक आज्ञावली, गुणक व मर्यादा यांची फाइल आणि सतत चालणारी निरीक्षक आज्ञावली हे संचाचे मुख्य घटक होत. संचाचे नाव, आवृत्ती व त्यास लागणारे इतर संच वेगळ्या फाइलीत नोंदवितात. डेबियन प्रणालीत ‘डेब’, तर रेड हॅट प्रणालीत ‘आरपीएम’ स्वरूप वापरतात. गाभा बदलल्यास चालक आज्ञावली पुन्हा संकलित करावी लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ : पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅकची) ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. महासंगणकांच्या निरीक्षणासाठी या केंद्राने ‘चक्षू’ ही प्रणाली विकसित केली आहे.

मर्यादा ठरविताना स्थानिक हवामानही विचारात घ्यावे लागते. गोंदिया जिल्ह्यात उन्हाळ्यात कमाल तापमान ४५° से.च्याही वर जाऊ शकते. प्रक्रियक भोवतालच्या हवेपेक्षा ४०° से.ने तापतो असे धरल्यास, २४° से.च्या वातानुकूलित खोलीत त्याचे तापमान ६४° से., तर ४२° से.च्या खोलीत ८२° से. होईल. पहिल्या खोलीसाठी ठरविलेली ७५° से.ची मर्यादा दुसऱ्या खोलीत दिवसभर निष्कारण इशारे देईल व ते दुर्लक्षिण्याची सवय लागेल. उलट, मर्यादा केवळ वाढविल्यास भातगिरणीतील कोंड्याच्या धुळीने पंखा अडल्याचे हिवाळ्यात ध्यानातही येणार नाही. त्यामुळे कमाल सुरक्षित मर्यादेसोबतच, प्रक्रियक व हवा यांच्या तापमानांतील फरकावर लक्ष ठेवणारा नियम संचात घालणे हितावह ठरते. समान कार्यभार असताना हा फरक वाढू लागला, तर दोष हवामानाचा नसून यंत्राचा आहे, हे उघड होते.