डोंगल लावलं, पण नेट चालेना? आधी कुठे अडलंय ते शोधा

माझं आजोळ आष्टीचं. बीडची नव्हे, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातली आष्टी. मागच्या वेळी शनिवारी संध्याकाळी तिथे पोचलो आणि पिशवी खाली ठेवायच्या आतच मामेबहिणीने लॅपटॉप पुढे केला. "दादा, हे डोंगल चालूच होईना बघ. उद्या दहाला टेस्ट आहे माझी."

ती बारावीला आहे, एमएचटी-सीईटीची तयारी करते. ही परीक्षा कॉम्प्युटरवर होते, तीन तासांत १५० प्रश्न माऊसने सोडवायचे. म्हणून क्लासची सराव परीक्षाही लॅपटॉपवरच. तुम्ही म्हणाल, मग मोबाइलचं हॉटस्पॉट घ्या की! अडचण तिथेच आहे. घरात स्मार्टफोन एकच, मामांचा. मामा सकाळी आठला शेतात जातात आणि त्यांच्या खिशातून घरचं नेटही शेतात जातं. म्हणून त्यांनी परतूरहून एक जुनं फोर-जी डोंगल आणलं होतं. "दुकानात तर चालू करून दाखवलं होतं त्यानं," मामा म्हणाले.

दुकानात विंडोज होतं. घरच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, आणि ते टाकणारा मीच.

मग मी काय केलं? थेट सेटिंगमध्ये घुसलो, नवीन कनेक्शन बनवलं, दोनदा रीस्टार्ट केलं. तास गेला, हाती काही नाही. चूक साधी होती. "नेट चालत नाही" हे एक वाक्य असलं तरी त्यामागे चार वेगवेगळ्या पायऱ्या असतात. खालची पायरी मोकळी नसेल तर वरच्या पायरीवर कितीही खटपट करा, उपयोग शून्य. म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली.

पायरी १: लॅपटॉपला डोंगल दिसतंय का?

उबुंटूमध्ये टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. विंडोजवर हेच काम डिव्हाइस मॅनेजर करतो. डोंगल लावण्याआधी एकदा यादी बघा, लावल्यावर पुन्हा बघा. एक ओळ वाढली पाहिजे.

वाढली नाही तर दुसरं पोर्ट वापरून बघा. डोंगल थेट लॅपटॉपला लावा, स्वस्त हबमधून नको. यूएसबी २ पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर वीज देतं. टॉवर लांब असला की डोंगलला जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो आणि तेव्हाच त्याला जास्त वीज लागते. हबवर चार वस्तू लटकवल्या असतील तर ते मध्येच बंद पडतं.

आमच्याकडे ओळ वाढली. म्हणजे डोंगल जिवंत होतं.

पायरी २: ते मोडेम झालंय की अजून सीडीच आहे?

ही गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. अनेक डोंगल लावल्यावर आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सांगतात. कारण त्यांच्या पोटातच विंडोजचं ड्रायव्हर भरलेलं असतं. विंडोज ती 'सीडी' वाचतं, ड्रायव्हर टाकतं, आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला सांगतो, आता मोडेम हो. दुकानात हे आपोआप झालं होतं.

लिनक्सवर हा निरोप देण्याचं काम यूएसबी मोडस्विच नावाचं छोटं सॉफ्टवेअर करतं. उबुंटूत ते सहसा असतं. पण लॅपटॉप हलका राहावा म्हणून मी काही पॅकेजेस काढून टाकली होती, त्यात तेही गेलं होतं! फाइल मॅनेजरमध्ये डोंगल चक्क सीडी म्हणून दिसत होतं. कधीकधी त्या सीडीवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' केलं तरी डोंगल मोडेम होतं. आमचं झालं नाही.

आता सॉफ्टवेअर टाकायचं तर नेट हवं, आणि नेट नाही म्हणून तर सॉफ्टवेअर हवं! सुटका केली मामांच्या फोनने. फोन केबलने जोडला, सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू केलं. असं केलं की फोनच मोडेम होतो आणि उबुंटूला वेगळं ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने हे होत नाही. पॅकेज उतरवलं, डोंगल काढून पुन्हा लावलं, आणि 'एलएसयूएसबी'च्या यादीत त्याच्या क्रमांकाचा दुसरा भाग बदलला. पहिला भाग कंपनीचा, दुसरा वस्तूचा. तो बदलला म्हणजे सीडीचं मोडेम झालं.

काही नवी डोंगल मोडेमऐवजी नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. त्यांच्या सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकून उघडतात. नेमका पत्ता बहुतेक वेळा डोंगलवरच छापलेला असतो.

पायरी ३: सिम टॉवरशी जोडलंय का?

टर्मिनलमध्ये 'एमएमसीएलआय -एम एनी' ही कमांड, तीही इंग्रजी अक्षरांत, द्या. 'स्टेट' समोरचा शब्द वाचा. 'लॉक्ड' असेल तर सिमला पिन आहे. 'सर्चिंग'वरच अडलं असेल तर टॉवर मिळत नाही. 'रजिस्टर्ड' आलं की ही पायरी झाली.

जुनं डोंगल घेणाऱ्यांनी इथे सावध राहा. कपाटात पडलेलं थ्री-जी डोंगल फुकट मिळालं तरी बहुधा उपयोगाचं नाही. जिओकडे टू-जी, थ्री-जी कधी नव्हतंच. २०१६ साली ते थेट फोर-जी घेऊन आलं. एअरटेलने २०२० च्या सुमारास थ्री-जी बंद केलं. त्या सिमवर थ्री-जी डोंगल टू-जीवर घसरतं, आणि मग एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. डोंगल एकाच कंपनीला लॉक केलेलं नाही ना, हेही विकत घेतानाच, आपलं सिम घालून तपासा.

आमचं 'रजिस्टर्ड' आलं, पण नेट नाही.

पायरी ४: एपीएन बरोबर आहे का?

एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचं नाव. फोन हे नाव सिम बघून स्वतः भरतो, म्हणून आपल्याला ते कधी दिसत नाही. लॅपटॉपवर ते आपण निवडायचं असतं. जिओचं 'जिओनेट', बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट'. इंग्रजीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. पहिल्या तासाच्या घाईत मी यादीतून भलतीच कंपनी निवडली होती. ती बदलली आणि 'स्टेट' समोर 'कनेक्टेड' आलं.

कनेक्टेड दिसूनही साइट उघडत नसेल तर '८.८.८.८'ला पिंग करा. उत्तर आलं म्हणजे नेट आहे, फक्त नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ भरा.

शेवटचं काम: जागा

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. फोर-जीला उणे ८० च्या आसपास छान, उणे ११० च्या पुढे रडतखडत. दर १० ने सिग्नलची ताकद दहापट बदलते. मधल्या खोलीत जाड भिंती आणि वर पत्रे, तिथे उणे ११३ येत होतं. टेबल खिडकीशी सरकवलं, उणे ९९ झालं. एवढ्या बदलाला पैसा लागत नाही.

आणि हो, कनेक्शनला 'मीटर्ड' ही खूण करून ठेवा. नाहीतर लॅपटॉपची अपडेट्स दिवसाचा सगळा डेटा सकाळीच संपवतील.

रविवारी आठला मामा शेतात गेले, फोन घेऊन. दहाला टेस्ट सुरू झाली. एकदा नेट गेलं तेव्हा मी उठायच्या आत ती म्हणाली, "थांब दादा, आधी दिसतंय का ते बघते." यादी बघितली, डोंगल तिथे नव्हतंच. तिचाच धक्का लागून ते सैल झालं होतं. नीट बसवलं आणि ती पुढच्या प्रश्नाला लागली.