भांडणाआधीच्या १९९ फेऱ्या

१८ फेब्रुवारी १९७९. फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकचं तिसरं वळण. आतल्या बाजूच्या ओल्या गवतात दोन चेपलेल्या ओल्ड्समोबिल गाड्या उभ्या, आणि शर्यतीचे चालक केल यारबरो व ॲलिसन बंधू एकमेकांवर तुटून पडलेले. ही चित्रफीत मला इतकी पाठ आहे की कोणता ठोसा कधी पडतो ते डोळे मिटून सांगेन. 'नॅस्कार'चा, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा, इतिहास सांगणारा प्रत्येक जण इथं येऊन थांबतो. या हाणामारीनं दक्षिणेकडचा गावरान खेळ अमेरिकेत घरोघरी पोचवला, असं म्हणतात. मला हे अर्धसत्य वाटतं. खरं श्रेय जातं केन स्क्वायर नावाच्या समालोचकाला.

स्क्वायर दक्षिणेतला नव्हे, थेट उत्तरेकडच्या व्हर्मॉंटचा. घरचं रेडिओ केंद्र. १९६० मध्ये त्यानं बॅरे गावात 'थंडर रोड' हा छोटा ट्रॅक सुरू केला. शर्यती गुरुवारी रात्री, कारण ग्रॅनाइटच्या कारखान्यांत पगार गुरुवारी होई! ज्याला गिऱ्हाईकाचा खिसा आणि सवड इतकी नेमकी कळते, त्याला टीव्हीचा प्रेक्षकही कळणारच. तोवर मोठ्या शर्यती टीव्हीवर यायच्या त्या तुकड्यातुकड्यांत, बहुधा नंतर, इतर खेळांच्या मध्ये कोंबलेल्या. शर्यत पहिल्या झेंड्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत अखंड दाखवा, हा स्क्वायरचा हट्ट. सीबीएस वाहिनी अखेर राजी झाली. पाचशे मैलांची स्टॉक कार शर्यत देशभर सलग थेट दिसण्याची डेटोनाची ती पहिलीच वेळ.

नशीबही साथीला आलं. त्या रविवारी पूर्वेकडचा आणि मध्यपश्चिमेचा बराच भाग बर्फाखाली होता आणि माणसं घरात अडकली होती. डेटोनातही ट्रॅक ओला असल्यानं सुरुवातीच्या १५ फेऱ्या पिवळ्या झेंड्याखाली, गाड्या नुसत्या रांगेत फिरवून काढल्या. हा भाग कोणी वगळला तरी हरकत नाही.

बत्तिसावी फेरी मात्र वगळू नये. डॉनी ॲलिसन, त्याचा थोरला भाऊ बॉबी आणि यारबरो पाठीमागच्या सरळ पट्ट्यावर एकमेकांना भिडले आणि चिखलात गेले. डॉनीची एक फेरी गेली, यारबरोच्या तीन. त्या काळी पिवळा झेंडा पडला तरी गाड्या रेषेपर्यंत जोरातच धावत. मागे पडलेल्यानं तेवढ्यात आघाडीच्या गाडीला गाठून रेष आधी ओलांडली, तर गेलेली फेरी परत मिळे. यारबरोनं तिन्ही फेऱ्या भरून काढल्या.

शेवटच्या फेरीत डॉनी पुढं, यारबरो त्याच्या मागच्या विरळ हवेत चिकटलेला. पुढची गाडी हवा फोडते, मागची कमी जोर लावून तोच वेग धरते आणि ऐनवेळी बाहेर निसटून गोफणीतल्या दगडासारखी सुटते. यारबरो आतून घुसला, डॉनीनं वाट अडवली. दोघं धडकत धडकत भिंतीवर गेले. अर्धी फेरी मागं असलेला रिचर्ड पेटी जिंकला, डॅरेल वॉल्ट्रिप दुसरा. भावाची विचारपूस करायला बॉबी थांबला आणि जुंपली. केलनंच आपल्या नाकानं माझ्या मुठीवर मारा केला, असं बॉबी नंतर सांगत असे!

एरवी हीच मारामारी बातम्यांत चार सेकंद दिसली असती आणि लोकांनी 'गावगुंड' म्हणून चॅनल बदललं असतं. त्या दिवशी पाहणाऱ्यांना यारबरोच्या तीन फेऱ्यांचा हिशेब ठाऊक होता, म्हणून त्याचा संताप कळला. स्क्वायरही त्या क्षणी हरल्याच्या कडवटपणाबद्दल बोलला. थट्टा केली नाही.

पुढं गाड्यांचा वेग वाढत गेला. १९८७ मध्ये टॅलाडेगा ट्रॅकवर बिल एलियटनं पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर वेग गाठला. त्याच शर्यतीत टायर फाटून एक गाडी उडाली, प्रेक्षकांसमोरची जाळी फाडत गेली आणि काही प्रेक्षक जखमी झाले. चालक पुन्हा बॉबी ॲलिसनच. ती शर्यत त्याचाच मुलगा डेव्ही जिंकला. १९८८ मध्ये डेटोना आणि टॅलाडेगा या दोन ट्रॅकवर इंजिनाची हवा अडवणारी भोकांची चकती सक्तीची झाली. गाड्या मंदावल्या आणि त्यामुळेच घोळक्यानं धावू लागल्या. पडद्यावर हे थरारक दिसतं, पण एकाची चूक वीस जणांना भोवते. सुरक्षेचा हा उपाय मला कधीच पटलेला नाही.

स्क्वायर २०२३ मध्ये गेला. त्याच्या नावावर लोक डेटोनाच्या या शर्यतीचं 'द ग्रेट अमेरिकन रेस' हे बिरुद तेवढं लावतात. जुनं प्रक्षेपण कुठं सापडलंच, तर शेवटच्या दोन मिनिटांवर थेट उडी मारू नका. बत्तिसाव्या फेरीपासून बघा.