चिकट तांदळाची माया

डिसेंबरच्या 16 तारखेपासून 24 तारखेपर्यंत, सलग नऊ दिवस, फिलिपिन्समधील गावोगावची माणसे तांबडे फुटण्यापूर्वी उठून चर्चची वाट धरतात. ‘सिंबांग गाबी’ नावाची ही प्रार्थना, रयतेला शेतावर जाण्याआधी उपासनेस हजर राहता यावे म्हणून, स्पॅनिश अंमलात इतक्या अवेळी ठेवली गेली, असे सांगतात. परंतु प्रार्थना आटोपून अंगणात आलेल्या भाविकाला अंधारातच जो सुवास गाठतो, तो धूपाचा नसून वाफेवर शिजणाऱ्या तांदळाचा, निखाऱ्यांवर करपू लागलेल्या केळीच्या पानाचा आणि ओल्या खोबऱ्याचा असतो.

भिंतीलगत मांडलेल्या चुलीवर पाण्याने भरलेले एक ठेंगणे पात्र खळखळत असते आणि त्याच्या माथ्यावरील भोकांत बांबूच्या बारीक नळ्या उभ्या केलेल्या असतात. जांभळे तांदूळ पांढऱ्या चिकट तांदळाबरोबर भिजवून, वाटून, पाणी निथळवून, हाताने मोकळे केलेले दमट पीठ विक्रेती त्या नळ्यांत सैल हाताने भरते. दाबून भरले, तर वाफेला वर चढायला वाट उरत नाही. नळीच्या तोंडातून वाफ डोकावू लागली, की ती उचलून पालथी धरायची आणि ठोकायची. अख्खी जांभळी कांडी पानावर घसरून पडते. तिच्यावर लोणी, खवलेले खोबरे आणि गुळाच्या चवीची काळसर साखर पडली, की झाला ‘पुतो बुंबोंग’. बुंबोंग म्हणजे बांबूची नळी. पदार्थाचे नावच त्याच्या भांड्यावरून पडले आहे.

अशा समस्त तांदळाच्या खाऊला तिकडे ‘काकानिन’ म्हणतात. ‘काइन’ म्हणजे खाणे आणि ‘कानिन’ म्हणजे शिजलेला भात. ज्या भाषेत भाताचे नावच भोजनाच्या धातूपासून सिद्ध झाले, त्या भाषेच्या लोकांनी भाताचीच पक्वान्ने करावीत, यात नवल ते काय! यांतील बहुतेकांचा प्राण ‘मालाग्कित’ हा चिकट तांदूळ होय. त्याचा दाणा नेहमीच्या तांदळासारखा अर्धपारदर्शक नसून खडूसारखा पांढराफेक असतो. तांदळातील पिष्टाचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. मालाग्कितात पहिला जवळजवळ नसतोच, आणि दुसऱ्याच्याच प्राबल्यामुळे शिजलेले शीत शिताला धरून राहते. गव्हातील ग्लुटेनचा या चिकटपणाशी काही संबंध नाही.

आपल्याकडे भात चिकट झाला, तर स्वयंपाक करणारीला हळहळ वाटते. तिकडे मात्र हा चिकटपणा गुण मानला गेला आहे, आणि नववर्षाच्या रात्री भाग्य घराला चिकटून राहावे, कुटुंब एकत्र राहावे, या भावनेने तो आवर्जून ताटात येतो. ‘बिको’ करताना शिजवलेला मालाग्कित, नारळाचा जाड रस आणि काळी साखर मोठ्या कढईत इतका वेळ घोटावी लागतात, की एकट्याचे दंड भरून येतात आणि मग शेजारपाजारची माणसे आळीपाळीने उलथणे हाती घेतात. वर ‘लातिक’ पेरतात: नारळाचा रस आटवीत नेला, की तेल सुटते आणि तळाशी तांबूस कण उरतात. तूप कढवल्यावर पातेल्यात राहणारी बेरी ज्याने बालपणी बोटाने निपटून खाल्ली असेल, त्याला या कणांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मौज अशी, की व्हिसाया बेटांवर लातिक मागितले, तर हे कण न मिळता नारळाचा गोड पाक पुढे येतो.

‘पालिताव’ची कृती याहून साधी. चिकट पिठाच्या चपट्या चकत्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. आधी त्या बुडतात आणि शिजल्या, की आपणहून वर येतात. ‘लिताव’ म्हणजे वर येणे, प्रकट होणे. त्यावरूनच हे नाव पडले. मग त्यांना खोबऱ्यात घोळवून साखर आणि भाजलेले तीळ लावतात. पानात गुंडाळून शिजवलेला ‘सुमान’ पिकल्या आंब्याच्या फोडीबरोबर खातात, आणि बोहोल बेटावरचा ‘कालामाय’ तर नारळाच्या दोन करवंट्यांत बंद करून, जोडावर तांबडा कागद चिकटवून विकला जातो. पुतो बुंबोंगसारखे बांबूत शिजवण्याची वहिवाटही पुरातन आहे: मॅगेलनच्या सफरीबरोबर 1521 साली या मुलखात आलेल्या पिगाफेत्ताने पालावान बेटावर बांबूत शिजणाऱ्या भाताची नोंद केली, आणि तो मडक्यातल्या भातापेक्षा अधिक टिकतो, असेही लिहिले.

गोव्याच्या वाचकाला ‘बिबिंगका’ हे नाव ऐकताच आपल्या बिबिंकची आठवण होईल. फिलिपिन्सची बिबिंगका पुष्कळदा साध्याच तांदळाच्या वाटलेल्या पिठाची असते, तिला गोव्यासारखे थर नसतात, आणि वर खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या असतात. परंतु नारळाचा रस आणि वरून निखाऱ्यांची धग या दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत.

एका गोष्टीची मात्र खंत वाटते. पुतो बुंबोंगला मूळ जांभळेपण देणारा ‘पिरुरुतोंग’ हा जुन्या वाणाचा तांदूळ आता दुर्मीळ झाला असून, त्याची जागा बहुतेक ठिकाणी रंगाने किंवा जांभळ्या कंदाने घेतली आहे. पिरुरुतोंगचा रंग भडक नसतो. त्यात राखेची मळकट छटा असते. तेव्हा कधी त्या पहाटेच्या अंगणात जाण्याचा योग आला आणि अनेक झगझगीत जांभळ्या कांड्यांच्या शेजारी एखादी अशी मळकट कांडी दिसली, तर तीच मागून घ्यावी, आणि पानाची ऊब तळहाताला लागते आहे तोवरच, तिथेच उभ्याने खावी.