घाम दोघांचा, नाव एकाचं : ऊसतोड महिलांना भेदभावाची केस करणं इतकं अवघड का?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गेवराई तालुक्यातलं तलवाडाही याच पट्ट्यातलं. या कामात बाईवर अन्याय झाला तर कायदा आहे. मग केस का होत नाही?

वहीत बाईचं नावच नाही

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्याला मिळते, मजुरी टनावर ठरते. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, वाहून गाडीत भरते. पण मुकादमाच्या वहीत नाव बहुतेकदा नवऱ्याचं. तिची वेगळी मजुरीच नाही, तर ‘मला कमी दिली’ हे दाखवायचं कसं?

पाळी असो वा आजारपण, एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. 2019 मध्ये सरकारी समितीने जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती.

मालक नेमका कोण?

कारखाना मुकादमाकडे किंवा वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. शिवाय उचल फिटलेली नसते. तक्रार केली तर पुढच्या हंगामात काम कोण देणार, ही भीती वेगळीच.

मुदत आणि अंतर

लैंगिक छळाची तक्रार 3 महिन्यांत करावी लागते. सबळ कारण असेल तर आणखी 3 महिने मिळू शकतात. पण हंगामच पाच-सहा महिन्यांचा. घटना एका जिल्ह्यात, घर दुसऱ्या.

कागद असूनही 10 वर्षं

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या एका महिला स्टेनोग्राफरची नोकरी 1977 मध्ये गेली. पुरुषांपेक्षा कमी पगार दिल्याची तिची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1987 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तिच्याकडे पक्की नोकरी आणि पगाराची नोंद होती. फडातल्या बाईकडे तेवढंही नसतं.

मग करता काय येईल?

समान वेतनाची तरतूद आता वेतन संहितेत आहे. थकीत मजुरीचा दावा 3 वर्षांच्या आत करता येतो आणि मजुरी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. कामगार संघटनाही मजुराच्या वतीने दावा करू शकते.

त्यासाठी पुरावा हंगामातच जमवा. मुकादमाच्या वहीचं पान, वजनाची पावती, खाड्याची नोंद या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढा. उचल घेताना दोघांचीही नावं लिहायला लावा.

वकिलाला पैसे नाहीत? महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

गावातून कुणी तोडीला निघालं असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.