मागचा ॲक्सल (हप्ता सातवा) : एक्केचाळीस दाते

या शनिवारी क्राऊनच्या दात्यांना रंग लावून त्यावर उमटलेला ठसा कसा वाचायचा ते शिकायचं ठरलं होतं. तो हप्ता तयार आहे, पण पुढच्या शनिवारी. मध्येच डॅलसजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाने मला आठवडाभर सोडलं नाही.

त्यांच्याकडे १९७८ ची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. गेल्या वेळी सांगितल्याप्रमाणे त्यांनी झाकणाचे बोल्ट मोजले. बारा भरले. झाकण उघडून क्राऊनच्या कडेवरचे आकडे पाहिले, ते ४३ आणि १४, क्राऊनचे दाते आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे दाते. म्हणजे गुणोत्तर ३.०७. सुट्टीच्या दिवशी मागे ट्रेलर जोडून लाकडं आणायची, तर चढाला गाडी दम टाकते. म्हणून त्यांना ४.१० चा जोड बसवायचा आहे. त्यांचे प्रश्न दोन. गॅरेजवाला म्हणतो, नुसता क्राऊन-पिनियन घेऊन चालणार नाही, आतला कॅरिअरही बदलावा लागेल. हे खरं का? आणि कंपन्या ४.१०, ३.७३, ३.०७ असे वाकडेतिकडे आकडे का काढतात, सरळ चार किंवा साडेतीन का नाही?

पहिल्याचं उत्तर लवकर देता येतं. गॅरेजवाला खरं सांगतो आहे. चौदा दात्यांच्या पिनियनपेक्षा दहा दात्यांचा पिनियन अंगाने बारीक असतो. पिनियन आपल्या जागीच फिरणार, तेव्हा क्राऊनला त्याच्याजवळ सरकावं लागतं. क्राऊन ज्या पाकळीवर बोल्टांनी कसलेला असतो ती पाकळी कॅरिअरचा भाग आहे. थोड्या फरकात क्राऊनची जाडी कमीजास्त करून भागतं, पण एका मर्यादेपुढे पाकळीच पुढे असलेला दुसरा कॅरिअर लागतो. शेव्हरोलेच्या ट्रकच्या बारा बोल्टी ॲक्सलमध्ये ही सीमा ३.४२ आणि ३.७३ च्या मध्ये आहे. तुम्ही ३.०७ वरून ४.१० ला जाताय, म्हणजे सीमा ओलांडताय. याच गाडीखाली साडेआठ इंची दहा बोल्टी ॲक्सल असता तर हा खर्च वाचला असता, कारण तिथली सीमा २.५६ आणि २.७३ च्या मध्ये, फार खाली आहे. डाना ४४ मध्ये ती ३.७३ आणि ३.९२ च्या मध्ये येते, डाना ६० मध्ये ४.१० आणि ४.५६ च्या मध्ये. फोर्डच्या ८.८ इंची ॲक्सलला अशी सीमाच नाही. एक सावधगिरी मात्र घ्या : शेव्हरोलेच्या मोटारींखालीही बारा बोल्टांचा ॲक्सल येत असे, पण त्याचा क्राऊन-पिनियन ट्रकच्या ॲक्सलला बसत नाही. जुन्या बाजारात ‘बारा बोल्टांचा आहे’ एवढं ऐकून पैसे मोजू नका.

आता दुसरा प्रश्न.

४.१० म्हणजे क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला १०. आता ४०-१० चा जोड करून पाहू. गोल पंगत बसली आहे, चाळीस ताटं आहेत आणि दहा वाढपी एकामागोमाग एकेका ताटात वाढत चालले आहेत. पहिल्या वाढप्याच्या वाट्याला पहिलं, अकरावं, एकविसावं आणि एकतिसावं ताट येतं. पंगत संपून पुन्हा सुरू झाली की परत पहिलंच. कितीही फेऱ्या होवोत, त्याला तीच चार ताटं मिळणार. आता पंगतीत फक्त एक ताट वाढवा. एकतिसाव्यानंतर तो एक्केचाळिसाव्यापाशी येतो, पुढच्या फेरीत दहाव्यापाशी, मग विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्यापाशी, त्यापुढच्या फेरीत नवव्यापाशी. असं करत दहा फेऱ्यांत त्याने एक्केचाळीस ताटांत एकेकदा वाढलेलं असतं.

गिअरमध्ये अगदी हेच घडतं. ४०-१० मध्ये पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या चारच दात्यांना आयुष्यभर भेटत राहील. ४१-१० मध्ये तो सगळ्या एक्केचाळीस दात्यांना भेटतो, आणि एकदा भेटलेला दाता पुन्हा समोर यायला पिनियनला ४१ फेऱ्या कराव्या लागतात, क्राऊनला १०. एखाद्या दात्यावर कारखान्यातून आलेला बारीकसा उंचवटा असेल तर त्याचा मार सगळ्यांवर सारखा वाटला जातो आणि सगळे दाते एकसारखे घासून गुळगुळीत होतात. इंग्रजीत या जादा दात्याला हंटिंग टूथ म्हणतात. लाकडी दात्यांच्या पाणचक्क्या बांधणाऱ्या कारागिरांनाही ही युक्ती ठाऊक होती.

अट एवढीच की दोन्ही आकड्यांना भाग देणारी एकापेक्षा मोठी सामाईक संख्या नसावी. ४३ आणि १४ ला ती नाही, म्हणून तुमचा जुना जोडही चांगल्या घराण्यातला आहे. पण ४१ हा आकडा घेतला की निवड फारच सोपी होते. ती मूळ संख्या आहे, तिला दुसऱ्या कशाने भागच जात नाही. पिनियनला दहा दाते द्या, ४.१० मिळतं, अकरा द्या, ३.७३, बारा द्या, ३.४२, नऊ द्या, ४.५६. पंधरा दिले तर २.७३ आणि सोळा दिले तर २.५६. अमेरिकन पिकअपच्या सुट्या भागांच्या यादीत जे आकडे वर्षानुवर्षं पाहत आलो, ते एकाच क्राऊनच्या गोतावळ्यातले निघतात हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! तो अजून ओसरलेला नाही.

मग सरळ आकड्यांचे जोड कुणी केलेच नाहीत का? केले. फोर्डचा ९ इंची ॲक्सल १९५७ पासून १९८६ पर्यंत चालला आणि एफ-१०० सारख्या कितीतरी पिकअपखाली आला. त्यात ३.०० चा जोड ३९-१३ चा. तिथे पिनियनचा प्रत्येक दाता फक्त तीन दात्यांना ओळखतो. ३.५० चा जोड ३५-१० चा, तिथे सात दात्यांशी ओळख. ३.२५ म्हणजे ३९-१२, तिथे तेरांशी. हे जोड वाईट नव्हते, पण त्यांना एक पथ्य होतं. क्राऊन आणि पिनियन कापून, भट्टीतून काढून कडक केल्यावर दोघांना एकत्र चालवतात आणि मध्ये घर्षणाची लेई सोडतात. त्या घासण्यात दात्याला दाता बसतो. ३९-१३ च्या जोडीत ठरावीक दाताच ठरावीक दात्यांवर बसलेला असतो, म्हणून कारखाना दोन्हीवर रंगाच्या खुणा करून देई आणि जोडताना त्या खुणा समोरासमोर आणाव्या लागत. फोर्डची सर्व्हिस मॅन्युअल अशा जोडांना वेगळं काढून सूचना देतात. कुणी जुना ९ इंची उघडून बेअरिंग बदलले, घाईत खुणा न पाहता परत बसवले, की दाता परक्या दात्यावर बसतो आणि गाडी आवाज करायला लागते. मग दोष नव्या बेअरिंगला दिला जातो. ४१-१० ला हे पथ्य नाही, कुठूनही जुळवा.

क्राऊन आणि पिनियन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून जमवायचे नसतात, ते याच घासण्यामुळे. दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो, तो जुळतो का ते विकत घेताना पाहा. ‘क्राऊन चांगला आहे, पिनियन दुसरा बघून देतो’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. एकत्र घासलेले नसतील तर दोन चांगले गिअर मिळूनही चांगला जोड होत नाही.

दात्यांच्या या भेटीगाठी ओळखून निदान करणारा एक मेकॅनिक मी नाशिकच्या एका गॅरेजात पाहिला आहे. जुनी जीप होती, सीजे-३बी, मागे ४३-८ चा जोड म्हणजे ५.३८. मालकाची तक्रार अशी की मागून टक् असा आवाज येतो, पण सारखा येत नाही. तिघांनी पाहिलं, कुणालाच सापडत नाही. या माणसाने गाडी सुरूच केली नाही. गिअर सुटा केला, मागच्या चाकावर खडूने रेघ ओढली आणि दोन पोरांना मागून सरळ रेषेत हळूहळू ढकलायला लावलं. स्वतः वाकून कान देत चाकाच्या फेऱ्या मोजत राहिला. टक् झालं की आठ फेऱ्या शांत, मग परत टक्. त्याने झाकण खोलायला सांगितलं. आत पिनियनच्या एका दात्यावर आणि क्राऊनच्या एका दात्यावर खवले उठले होते, कधीतरी दोघांच्या मध्ये काहीतरी सापडलं असणार. ते दोन दाते समोरासमोर आले की आवाज, एरवी नाही. आणि ४३-८ मध्ये ते दर आठ फेऱ्यांनीच समोरासमोर येतात. चाकाच्या बेअरिंगचा आवाज असता तर आठ फेऱ्या थांबला नसता. नुसता पिनियनच खराब असता तर चाकाच्या एका फेरीत पाचेक वेळा टकटक झालं असतं. तुमच्या पिकअपमध्ये ४.१० बसल्यावर देव न करो असा आवाज आला, तर तो दर दहा फेऱ्यांनी यावा. २८ इंची टायर दहा फेऱ्यांत सुमारे २२ मीटर जातो.

आता तुमच्या निवडीकडे वळतो, कारण माझ्या मते ४.१० हे तुमच्यासाठी उत्तर नाही. मैलात ६३,३६० इंच. त्याला तासाच्या ६० मिनिटांनी आणि मग पायने (π) भागलं की ३३६ उरतात. मैलांतला वेग गुणिले ॲक्सलचं गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास, की इंजिनचे मिनिटाला फेरे मिळतात. टायर २८ इंची असल्याने तुमचा हिशेब तोंडी होतो, कारण ३३६ भागिले २८ म्हणजे बारा. ताशी ६५ मैलांना ३.०७ वर इंजिन सुमारे २,४०० फेरे करतं, ३.७३ वर २,९०० आणि ४.१० वर ३,२००. तुमचा गिअरबॉक्स तीन गतींचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० आहे. त्याची वरची गती सरळ एकास एक, वर ओव्हरड्राइव्ह नाही. टेक्सासच्या लांबच लांब रस्त्यांवर तासन् तास ३,२०० फेऱ्यांनी जुनं इंजिन पळवायचं, कानाला त्रास आणि पेट्रोलला पाय. ३.७३ घ्या. कॅरिअर तेवढाच बदलावा लागेल, पण चढाची तक्रार बरीचशी मिटेल. पुढेमागे चार गतींचा ७००आर४ बसवणार असाल तर गोष्ट वेगळी. त्याची वरची गती ०.७० आहे, म्हणून ४.१० वरही ६५ मैलांना इंजिन २,२५० च्या आत राहील. तसा बेत पक्का असेल तर आजच ४.१० घ्या आणि गिअरबॉक्स येईपर्यंत सावकाश चालवा.

काहीही घेतलंत तरी वेगमापक खोटं बोलेल, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. त्याची तार गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते, तिला ॲक्सलमधला बदल कळत नाही. ४.१० वर खरा वेग ६० असताना काटा ८० दाखवील. गिअरबॉक्समधला प्लॅस्टिकचा छोटा गिअर बदलला की काटा ताळ्यावर येतो, वस्तू स्वस्त आहे.

जाता जाता जुन्या जीपबद्दल विचारणाऱ्या साताऱ्याच्या वाचकांना. महिंद्रने विलीजची जीप इथे चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून जोडायला घेतली, त्यामुळे ५.३८ चे जोड आपल्याकडे अजून हाती लागतात. तुम्हाला मात्र ३९-८ चा, म्हणजे ४.८८ चा जोड स्वस्तात मिळतो आहे आणि तो फक्त मागे बसवायचा विचार आहे. दाते जुळतात, सामाईक भाजक नाही, मागच्या हाउसिंगमध्ये बसेलही. तरी नको. पुढचा ॲक्सल ५.३८ वरच राहणार. चारही चाकांना जोर दिलात की पुढचा आणि मागचा दांडा एकाच वेगाने फिरतात, आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा सुमारे १० टक्के जास्त पळू पाहतात. चिखलात चाकं घसरून ते निभावतं. डांबरावर सगळा पीळ दांड्यांत आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो, मग लिव्हर ओढून निघत नाही आणि पुढे काहीतरी तुटतं. पुढचा जोडही ३९-८ चा मिळत असेल तर दोन्ही घ्या, नाहीतर ४३-८ साठी थांबा.

नवा जोड बसल्यावर पहिली फेरी छोटी ठेवा, मग ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्या, आणि ५०० मैलांनंतर तेल बदला. या काळात दाते एकमेकांना घासून बसत असतात. डॅलसच्या वाचकांनी तोवर ट्रेलर घरीच ठेवावा. रंगाचा ठसा पुढच्या शनिवारी. पिवळा रंग आणि जुना ब्रश आणून ठेवा.